लग्नातला बेडूक

राहात्यातून शिर्डीकडे निघालं की डाव्या हाताला एक उघडं आवार लागतं. तिथं बारा महिने सिंहांची एखादी जोडी, दोन-तीन मोर, एक भालदार, एक चोपदार आणि ज्यातून कधीच पाणी उडालेलं नाही असं एक कारंजं उन्हात वाळत उभं असतं. हे आवार पीरमहंमद मिस्त्रींचं. लोखंडी सळई, कोंबड्यांची जाळी आणि सिमेंट एवढ्या तीन जिनसांतून मिस्त्री काय वाटेल ते उभं करत. आसपासच्या पाच-पंचवीस गावांत नवा बंगला झाला की फाटकावर सिंह पीरमहंमदचेच, हे ठरलेलं.

मिस्त्रींनी जन्मात खरा सिंह पाहिलेला नव्हता. पण त्यानं काही अडलं नव्हतं. अडलं ते जनावरांच्या एका डॉक्टरमुळे. हे डॉक्टर नव्या घरासाठी सिंह घ्यायला आले, चष्मा पुसून जोडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाले, "मिस्त्री, सिंह झकास आहे. पण गुडघे बैलाचे आहेत."

मिस्त्रींनी हसून वेळ मारून नेली. डॉक्टर सिंह घेऊनही गेले. पण रात्री जेवताना मिस्त्रींना भाकरी गोड लागेना.

"जहिरा, आपल्या शिंहाचे गुडघे बैलाचे हायेत?"

जहिराबी शांतपणे म्हणाल्या, "गुडघ्याचं मला न्हाई कळत. पन तोंड तुमच्या थोरल्या भावाचं हाय. चाळीस वर्सं बगतेय मी."

झालं. त्या दिवसापासून मिस्त्रींनी मनाशी पक्कं केलं, की यापुढं जे करायचं ते समोर बघून करायचं. जसं आहे तसं. सिंह काही राहात्यात मिळत नाही, तेव्हा सिंहांची ऑर्डर आली की ते जरा टाळाटाळच करू लागले.

आणि अशात फेब्रुवारीअखेर एके सकाळी कानिफनाथ आला.

कानिफनाथ राजूरच्या पुढचा, भंडारदऱ्याच्या वाटेवरचा शेतकरी. भाताच्या शेताच्या कडेला त्यानं पर्यटकांसाठी चार खोल्या बांधल्या होत्या. त्याच्या शेजारीपाजारी सगळ्यांनीच खोल्या बांधलेल्या. कुणी भिंतीवर आदिवासी चित्रं काढलेली, कुणी दारात बैलगाडीचं चाक टांगलेलं. कानिफनाथला काही वेगळं हवं होतं.

"चाचा, मला बेडूक पायजे," तो म्हणाला. "बसलेला. पाच फूट उंच. आमच्या शेताला बेडकीचं खाचरच म्हन्त्यात, तर खोल्यांनाबी तेच नाव दिलंय. काजवे बगायला पब्लिक यायच्या आत फाटकाशी बसला पायजे."

मिस्त्रींचे डोळे चमकले. बेडूक! सिंहासारखा जंगलात नाही बसलेला. आपल्याच हौदाखाली बसलाय.

"करू की. जसाच्या तसा करू."

कानिफनाथ जरा घुटमळला. "एक हाय. आमची आई म्हन्ती, पिवळा करायचा. पिवळाधमक. आन् गालफडं निळी."

मिस्त्री एवढे मोठ्यानं हसले की भालदारावरचा कावळा उडाला. "कानिफभाऊ, तो बेडूक हाय का बँडवाला? आईंना सांगा, काळजी करू नका. मी खऱ्यावानी करतो."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींनी हौदाखालच्या ओलसर सांदीतून एक चांगला मुठीएवढा, खरबरीत, मातकट बेडूक बाहेर काढला. त्यानं लगेच मिस्त्रींच्या तळहातावर धार सोडली. मिस्त्रींनी हात धुतला, बेडकाला पाणी शिंपडलेल्या घमेल्यात ठेवलं, समोर पाट मांडला आणि खिशातून टेप काढली.

तिथून पुढं अडीच महिने त्या पाटावरून मिस्त्री उठले ते सळई-सिमेंटला हात लावायला, नमाजाला, जेवायला आणि झोपायला.

सुरुवातीला कामच होतं. पुढच्या पायाला बोटं चार, मागच्याला पाच. डोळ्यातली बाहुली गोल नाही, आडवी. डोळ्यामागं दोन्ही बाजूंना लांबट उंचवटे, जसे गादीवरचे लोड. पाठीवरच्या पुळ्या त्यांनी मोजल्या. दोनदा मोजताना बेडूक हलला म्हणून तिसऱ्यांदा मोजल्या. पण मग कामाचं कमी आणि कौतुकाचं जास्त होऊ लागलं. त्या मातीच्या ढेकळासारख्या अंगात डोळे मात्र असे, की जणू काळ्या मखमलीवर सोन्याची जर. गळा सारखा हलतोय, जणू काही सांगायचं आहे आणि शब्द आठवत नाही. आणि एके दिवशी त्यानं एक किडा गट्ट केला, तेव्हा मिस्त्रींनी पाहिलं, की घास गिळताना हा डोळे मिटून आत ओढून घेतो. डोळ्यांनी घास खाली ढकलतो!

हे त्यांनी जेवताना जहिराबींना करून दाखवलं. भाकरीचा घास तोंडात, डोळे गच्च मिटलेले, मान आत.

"या अल्ला," जहिराबी म्हणाल्या. "ठसका लागंल."

"अगं, बग तरी किती अकलेनं केलंय त्याला. वरून काय दिसतो, आन् आत काय काय!"

"चाळीस वर्सांत माझ्याकडं येवढं बगितलं न्हाई कधी," जहिराबी म्हणाल्या, आणि त्या दिवसापासून बेडकाचं नाव घरात 'सवत' पडलं. "तुमची सवत न्हाई, माझी सवत," त्या शेजारणींना समजावून सांगत. "सकाळी उठले की आधी तिच्याकडं, मग चहाकडं." पण उन्हाळा कडक झाल्यावर घमेल्यावर ओलं पोतं टाकायचं त्या कधी विसरल्या नाहीत, हेही खरं.

मेच्या मध्यावर बेडूक तयार झाला. मिस्त्रींच्या हातून आजवर झालं नव्हतं असं काम. पाच फूट उंच, बसका, मातकट, पाठीवर दोनशे सदतीस पुळ्या, प्रत्येक जागच्या जागी. डोळ्यांना पितळी रंग देऊन वर चकाकी मारली होती. घमेल्यातला आणि आवारातला शेजारी ठेवले तर फरक एवढाच, की एक उडी मारू शकत होता. खऱ्याला त्यांनी मोठ्या मनानं हौदाखाली परत सोडून दिलं.

ज्ञानेश्वर टेम्पोवाल्यानं बेडूक लादला, तोंड मागं करून. मिस्त्री त्याच्या शेजारी पुढं बसले. लोणी ओलांडलं, संगमनेर आलं. संगमनेरात गर्दीत टेम्पो थांबला, तर मागच्या मोटारसायकलवाल्यानं कुठला तरी देव असेल म्हणून बेडकाला हात जोडले. त्याचं बघून आणखी दोघांनी. अकोल्यात एका पोलिसानं टेम्पो बाजूला घ्यायला लावला, मागं जाऊन बराच वेळ बेडकाकडे बघितलं आणि काही न विचारता म्हणाला, "जा." मिस्त्रींची छाती फुगली. बोलती बंद होते, याला म्हणतात काम.

कानिफनाथकडे जेसीबीनं बेडूक उतरवला. फाटकाशी चौथरा केलेलाच होता. बेडूक बसला, धूळ खाली बसली, आणि घरातून कानिफनाथची आई चांगुणाबाई पदर खोचत बाहेर आली. पंच्याहत्तरीची, काटकुळी, नऊवारीतली बाई. बेडकासमोर उभी राहिली. एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून.

"ह्ये कोन?" तिनं विचारलं.

"बेडूक हाय, मावशी," मिस्त्री म्हणाले.

"आजारी हाय का?"

"न्हाई... बेडूकच तसा आसतो."

"आन् पाठीवर ह्याला देवी निघाल्यात?"

कानिफनाथनं खाली बघितलं. मिस्त्रींचं तोंड लाल झालं. "मावशी, अडीच म्हैने मी त्याच्या म्होरं बसलो. टेप लावून एकेक बोट मोजलंय. ह्यात येक रेघ खोटी न्हाई."

"खोटं न्हाई म्हनत मी," चांगुणाबाई म्हणाली. "पन ह्यो आमचा न्हाई. आमचा पिवळा आसतो, हळद लागल्यावानी. गालफडं निळी. आन् कातडं कसं गुळगुळीत."

"मावशी, साठ वर्सं झाली मला. कंदी पिवळा बेडूक बगितला न्हाई."

"तर मग तुमी नोकरीवरचा बेडूक बगितला, बाबा," चांगुणाबाई म्हणाली. "लग्नातला न्हाई बगितला."

ज्ञानेश्वरला टेम्पोचं काहीतरी बघायचं आठवलं आणि तो बॉनेटमागं जाऊन हसून आला. मिस्त्री मात्र चहा न घेता निघाले. संगमनेर सुटल्यावर एवढंच म्हणाले, "पिवळा म्हने." आणि लोणीला, "निळी गालफडं."

त्यानंतर कानिफनाथचे फोन सुरू झाले.

पहिला फोन काजवे बघायला आलेल्या लोकांबद्दलचा. "चाचा, काम येक नंबर हाय, पन लोकांना दिसंना. लोक म्हन्त्यात, बोर्डावर बेडूक हाय, तो कुटं हाय? म्हनलं, तुमी टेकलाय त्योच."

"म्हंजे?"

"मागं डोंगर, बाजूला दगड. त्यात ह्योबी दगडच वाटतो. काल नाशिकची पार्टी आल्ती, त्यातल्या बाईंनी त्याच्यावर टॉवेल वाळत घातले."

"लोकांना नजर न्हाई, त्याला मी काय करू?" मिस्त्री म्हणाले आणि फोन ठेवला. पण नंतर बराच वेळ हौदापाशी बसून राहिले.

दुसऱ्या फोनला कानिफनाथनं सांगितलं, की एका गाडीवाल्यानं मागं घेताना दगड समजून बेडकाला धडक दिली. बेडकाला काही झालं नाही, गाडीचा दिवा फुटला. मिस्त्रींना यात थोडं समाधान वाटलं.

तिसरा फोन जूनच्या शेवटी आला. राहात्यात अजून नुसतं आभाळ होतं, पण तिकडं डोंगरात पाऊस दहा दिवस मुक्कामाला होता. सकाळी सहाचा सुमार. आवाज कानिफनाथचा नव्हता.

"मिस्त्री, मी चांगुणा. आज या."

"मावशी, काय झालं? तडा गेला का?"

"तडा न्हाई न् बिडा न्हाई. लगीन लागलंय. आज आलात तर आलात. दोन-तीन दिसांत वऱ्हाड पांगंल."

मिस्त्रींनी फोनवर हात ठेवला आणि जहिराबींना म्हणाले, "ती म्हातारी बोलावतीय. पिवळा बेडूक दावायला. मी न्हाई जात. माजी थट्टा करायचीय त्यांना."

जहिराबींनी तोवर पिशवीत दोन कपडे टाकलेसुद्धा. "तुमी नका जाऊ. मी जाते. भंडारदरा भंडारदरा ऐकत म्हातारी झाले, बगितला न्हाई अजून."

बायको एकटी जाऊन बेडूक बघून येणार आणि मग जन्मभर सांगत बसणार, हे मिस्त्रींना परवडणारं नव्हतं. ते उठले. संगमनेरला एसटी बदलली, अकोल्याला चहा घेतला आणि दुपारी तीनला राजूरला उतरले तेव्हा पाऊस असा पडत होता, की समोरचा बाजार ओघळत्या काचेतून पाहावा तसा दिसत होता. कानिफनाथ पिकअप घेऊन उभाच होता.

शेताजवळ आले आणि मिस्त्रींना आधी वाटलं, कुठं तरी चार-पाच पाण्याची इंजिनं एकदम चालू आहेत. आवाज जमिनीतून यावा तसा येत होता. चांगुणाबाईनं दोघांच्या डोक्यावर पावसासाठी पानांचं एकेक इरलं चढवलं, मिस्त्रींच्या पायात कानिफनाथचे रबरी बूट दिले आणि स्वतः अनवाणी पुढं चालू लागली.

"ह्या खाचरात आमी चिखलणी आगुदर करत न्हाई," ती चालता चालता म्हणाली. "त्यांचं उरकलं की मग आमचं. सासूबाईंनी घालून दिलंय."

बांधावर चढून मिस्त्रींनी समोर बघितलं.

खाचर गुडघाभर पाण्यानं भरलं होतं, आणि त्या गढूळ पाण्यात जागोजाग झेंडूची फुलं सांडावीत तसे पिवळे बेडूक बसले होते. पिवळे म्हणजे लिंबासारखे. हळदीनं माखलेल्या नवरदेवासारखे. तीस तरी असतील, चाळीस असतील. त्यातला एक डोकं वर काढी, अंग ताठ करी, आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना भप्पकन दोन निळे फुगे फुगत. निळे! शाईसारखे निळे! मग तो असा काही ओरडे, की सगळं पाणी थरथरे. दुसरा त्याच्या अंगावर धावून जाई, दोघं उभे राहून कुस्ती खेळत, एकमेकांना पाण्यात दाबत, आणि कडेला मातकट रंगाच्या चार-दोन बेडक्या हे सगळं आपल्यासाठी चाललंय याचं काहीच नाही असं तोंड करून बसलेल्या.

सवयीनं मिस्त्रींचा हात खिशात गेला, टेप बाहेर आली. त्यांनी टेपेकडे बघितलं, बेडकांकडे बघितलं आणि टेप परत खिशात ठेवली.

जरा जवळून बघावं म्हणून त्यांनी पाऊल पुढं टाकलं. बांध निसरडा. मिस्त्री इरल्यासकट घसरले आणि धप्पकन खाचरात जाऊन बसले, कमरेपर्यंत पाण्यात. बेडूक क्षणभर गप्प झाले. मग हा कोणी आपल्यातलाच उशिरा आलेला पाहुणा असावा असं ठरवून त्यांनी पुन्हा ओरडायला सुरुवात केली. एक तगडा नवरदेव उड्या मारत आला, मिस्त्रींच्या काळ्या बुटाकडे त्यानं नीट बघितलं आणि पुढच्या दोन्ही पायांनी त्याला कडकडून मिठी मारली.

मिस्त्रींनी पाय हलवला. सोडेना. पाय वर उचलला. बेडूक बुटासकट वर आला, गालफडं फुगवलेली, डोळे अर्धे मिटलेले.

"पसंत पडलात, मिस्त्री!" चांगुणाबाई ओरडली.

जहिराबी बांधावर खाली बसल्या होत्या. हसून हसून त्यांना उभंच राहवेना. पदरानं डोळे पुसत त्या म्हणाल्या, "आता माजा काय इचारच न्हाई! आधी सवत, आता ह्यो!"

शेवटी मिस्त्रींनी पाय बुटातून काढून घेतला आणि बूट नवरदेवाकडे राहू दिला. एका पायात बूट, एक पाय अनवाणी, अंगावर चिखल, असे ते वर आले आणि चांगुणाबाईसमोर उभे राहिले.

"मावशी, चुकलो."

चांगुणाबाईनं त्यांच्या डोक्यावरचं इरलं सरळ केलं. "चला, च्या घ्या. मागल्या टायमाचा राहिलाय."

चहा पिताना मिस्त्री दुसरं काही बोलेनात. कानिफनाथला म्हणाले, "ग्राइंडर हाय का? आन् ताडपत्री?" आणि दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी ताडपत्रीचा मांडव पडला. त्यात बसून पीरमहंमद मिस्त्रींनी आपल्या हातानं दोनशे सदतीस पुळ्या घासून काढल्या. पहिल्या दहा-पंधरा पुळ्यांना त्यांचा जीव तुटला. मग हात सुटला. पाठ गुळगुळीत झाली. गळ्याच्या दोन्ही बाजूंना जाळीचे गोळे बांधून त्यावर सिमेंट चढलं. ते वाळायला पावसात दोन दिवस गेले, खाली शेगडी ठेवून.

रंगाची तऱ्हा आणखी वेगळी. राजूरच्या दुकानात पिवळे दोनच डबे होते, आणि ते शाळेच्या बसचे पिवळे. मिस्त्रींनी त्यात पांढरा ओतला, थेंबभर हिरवा ओतला, कागदावर लावून खाचरापर्यंत धावत गेले, परत आले. निळा काही केल्या जमेना. एक आकाशासारखा व्हायचा, एक पोलिसाच्या जीपवरच्या पाटीसारखा. शेवटी जहिराबी उठल्या, चांगुणाबाईच्या फडताळातून कपड्यांना घालायची नीळ आणली आणि पांढऱ्या रंगात चिमूट चिमूट टाकत गेल्या. आठव्या चिमटीला म्हणाल्या, "हां. आता लावा."

चौथ्या दिवशी ताडपत्री काढली. पाऊस जरा थांबला होता. डोंगर हिरवे, रस्ता काळा, आणि फाटकाशी पाच फुटी पिवळाधमक बेडूक, गालफडं फुगवून, सगळ्या जगाला लग्नाला बोलावत बसलेला. समोरून चाललेली एसटी थांबली. कुणी हात दाखवला नव्हता, कुणाला उतरायचं नव्हतं. ड्रायव्हरला बघायचं होतं.

चांगुणाबाई पुढं झाली. एकदा उजवीकडून बघितलं, एकदा डावीकडून. मग घरात गेली, करंडा घेऊन आली आणि बेडकाच्या कपाळाला हळदीचं बोट लावलं. ते पिवळ्यावर दिसलंसुद्धा नाही, पण तिचं समाधान झालं.

तोवर खाचरातलं वऱ्हाड पांगलं होतं. नवरदेव पुन्हा मातकट होऊन ज्याच्या त्याच्या बिळात कामाला लागले होते. पाण्यावर नुसता अंड्यांचा पापुद्रा तरंगत होता. त्याच दुपारी पुण्याहून एक निवृत्त प्राध्यापक सपत्नीक उतरले. कलेची आवड असलेले. त्यांनी बेडूक सर्व बाजूंनी पाहिला, हा कुणी केला म्हणून विचारलं आणि मिस्त्रींना प्रेमानं बाजूला घेऊन म्हणाले, "तुमच्या हातात कला आहे हो. पण रंगात जरा कल्पनाशक्ती मोकाट सुटली. निसर्गात असं भडक काही नसतं. एकदा खरा बेडूक समोर ठेवून अभ्यास करा."

कानिफनाथनं तोंड उघडलं होतं, पण मिस्त्रींनी त्याला हातानं थांबवलं. "बरं साहेब," ते नम्रपणे म्हणाले. "करतो."

प्राध्यापकांना बरं वाटलं. मिस्त्रींना त्याहून बरं वाटलं. एसटीत बसल्यावर ते अकोल्यापर्यंत आपल्याशीच हसत होते, आणि जहिराबी त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या होत्या, हातांची नखं अजून निळी.

पुढच्या वर्षी चांगुणाबाईचा फोन जूनच्या एकविसाव्या तारखेला आला. मिस्त्री तेव्हा कोपरगावच्या गिऱ्हाइकाच्या मोराचा पिसारा ओढत होते. ओल्या सिमेंटात थापी तशीच खोचून ते उठले, हात धुतले आणि जहिराबींसह पहिल्या एसटीनं गेले. तीन दिवसांनी परत आले तेव्हा मोर अर्ध्या पिसाऱ्यानिशी दगड झाला होता. गिऱ्हाईक आलं, बघून म्हणालं, "मिस्त्री, ह्याचा पिसारा अर्धाच कसा?"

"आत्ता कुठं नाचायला लागलाय," मिस्त्री म्हणाले. "दम धरा की जरा."

गिऱ्हाइकाला ते पटलं. मोर कोपरगावला गेला, आणि तिथल्या दुसऱ्या एका बंगलेवाल्यानं तसाच अर्ध्या पिसाऱ्याचा हवा म्हणून निरोप पाठवला.